नखाएवढा बादशहा

ठगूबाई झारेकरीण मंगळवारी येते
पिग्मीचे वीस रुपये भरायला.
शहाद्याच्या सराफांची गटारं धुऊन झाली
की प्रकाशाला जाते, गोमाईच्या तोंडाशी,
दिवसभर वाळू हलवते.
एकदा पदराच्या गाठीतून तिने काउंटरवर ठेवलं
करंगळीच्या नखाएवढं, हिरवं, कडेला कुरतडलेलं.
"हाऊ पैसा चाली का रे, भाऊ?"
आणि गेली, पावती न मागता.

मी पतसंस्थेचा रोखपाल. सतरा वर्षं
नोटा निळ्या उजेडाखाली धरतोय.
खोटी नोट आधी बोटांना कळते, मग डोळ्यांना.
कागद जरा जास्तच गुळगुळीत असतो,
उधारी मागायला आलेल्याच्या आवाजासारखा.
माझ्या खणात शिक्का आहे: बनावट.
लांबट, जांभळ्या शाईचा.

इतिहासाच्या वसावे सरांनी भिंगाखाली बघितलं,
चहावर साय धरेपर्यंत बघितलं.
म्हणाले, रोमचा बादशहा आहे. म्हणजे, नाही.
तांबं इथलं असावं, हात इथला.
असली नाणी भडोचेहून तापीच्या काठाकाठाने
सुताच्या गाठोड्यांपायी आली असतील,
मग यायची थांबली.
बाजार थांबला नाही.
कुणा ओताऱ्याला म्हणाले असतील, कर बाबा असंच.

त्याने केलं.
त्याला बादशहा माहीत नव्हता,
त्याने बघितलं होतं फक्त झिजलेलं नाक.
कपाळपट्टीचे मोती त्याने ज्वारीचे दाणे केले,
सातच, कारण तेवढीच जागा उरली.
कान विसरला. डोळा म्हणजे टोच्याचा एक ठोका.
आणि कडेने जी अक्षरं होती
त्यातलं एकही त्याला वाचता येत नव्हतं,
म्हणून त्याने काड्या मारल्या,
कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात तशा.
काडी, काडी, आकडा, काडी.
माझी भाची शाळेत जायच्या आधी
अशीच पत्रं लिहायची,
आणि वाचूनही दाखवायची.

मागच्या बाजूला, सर म्हणाले, असलावर
शिपाई घोड्यावरून पडलेल्याला भाला मारतोय.
इथे भाला वाकलाय.
साचा कोरताना हात हलला असेल,
किंवा भाला काय असतो हे ठाऊक असूनही
त्या दिवशी मन नसेल.
घोडा तर बैलासारखा बसलाय, रवंथ करत.
मी भिंग फिरवून फिरवून बघितलं:
एक माणूस दुसऱ्याला हात देऊन उठवतोय.

याला कुणी फसलं असेल का, सर?
सर हसले. नसेल.
देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक,
मीठ मापणारीला तर आधीच.
तरी ओंजळभर मीठ मिळत असणार.

पुढच्या मंगळवारी मी तिला सांगितलं,
बाई, खोटं आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचं खोटं.
ती जराशी थांबली.
"पन चालनं व्हई ना तवय?"
म्हणालो, चाललं असेल.
मग न विचारता सांगू लागली.
आधीच्या दोन पोरी पाळण्यातच गेल्या,
म्हणून आईने हिचं नाव ठगू ठेवलं.
मरणाने दारात येऊन उचलावं,
उलटंपालटं करून बघावं,
आणि खोटा पैसा म्हणून तिथेच टाकून जावं.
"सत्तर वरीस चालनू ना मी," म्हणाली.

खण उघडाच होता.
शिक्का मी शाई न लावता
नाण्यावर नुसता धरून बघितला.
शिक्काच मोठा. त्यावर 'ब' मावत होता,
फार तर 'बन'.

तिने ते उचललं, गाठ मारली,
आणि वीसची नोट पुढे केली,
ओली, घडीत वाळू अडकलेली.
मी सवयीने निळ्या उजेडाखाली धरली.
ती जाळीला नाक लावून
माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.